कापसाला झरोके, माणसांना भिंत

फार वर्षांपूर्वी, कापसाचा मोठा बाजार भरणाऱ्या एका गावात सगुणा नावाची परटीण आणि तिचा नवरा केरबा राहत होते. सगुणा नदीवर जाऊन कपडे धुवायची. केरबा एका पायानं अधू होता, म्हणून तो घरी बसून इस्त्री करायचा. शेगडीत कोळसे फुलवायचे, निखारे इस्त्रीत भरायचे आणि दिवस कलेपर्यंत धोतरं, उपरणी, अंगरखे यांच्या घड्या घालायच्या. त्याच्या हाताची घडी अशी बसायची की लोक ती मोडायला कचरायचे.

त्यांची खोली भाड्याची होती. एका ओळीत पाच खोल्या, आणि पाचही एकाच घरमालकाच्या. प्रत्येक खोलीला पुढे दार, मागे खिडकी. खोली लहान होती, पण दारातून आलेला वारा खिडकीतून निघून जायचा आणि शेगडीची धग बरोबर घेऊन जायचा.

एका वर्षी घरमालकाच्या मनात आलं, मागची जागा उगाच मोकळी पडली आहे, तिथे कापसाचं गोदाम बांधावं. गोदाम उभं राहिलं ते खोल्यांच्या मागच्या भिंतीला चिकटून. आता पाचही खिडक्या गोदामात उघडत होत्या. एखादी ठिणगी उडून कापूस पेटला तर? मालकानं गवंडी बोलावला आणि एका दिवसात सगळ्या खिडक्या विटांनी बुजवून टाकल्या. भाडेकरूंना कुणी विचारलं नाही. संध्याकाळी सगुणा नदीवरून आली तेव्हा खिडकीच्या जागी ओला चुना होता.

हिवाळा लागला. थंडी अशी पडली की दार उघडं ठेवणं मुश्कील झालं. शेवटच्या खोलीत एक बुरडीण म्हातारी एकटीच राहायची, टोपल्या विणायची. एके सकाळी तिनं दार उघडलं नाही. लोकांनी ढकलून उघडलं, तर म्हातारी अर्ध्या टोपलीवर डोकं ठेवून गेलेली. तिच्या जवळची शेगडी अजून धुगधुगत होती.

"वय झालं होतं. त्यात ही थंडी," घरमालक म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. सगुणानंही डोलावली.

पण त्यानंतर केरबाचं डोकं दुखायला लागलं. दुपार झाली की डोळ्यांपुढे अंधारी यायची, उमासे यायचे. दारात येऊन बसला की बरं वाटायचं. आत गेला की पुन्हा तेच. चार दिवस सगुणानं हे पाहिलं आणि पाचव्या दिवशी ती मालकाकडे गेली. मालक गोदामातच होता.

"मालक, आमची खिडकी उघडून द्या. आत हवा खेळत नाही. ह्यांचा जीव घाबरा होतो."

"जीव घाबरा होतो तर औषध घ्या. खिडकी काय करणार?"

"खिडकी होती तोवर काही होत नव्हतं."

"हे बघ सगुणे, खोली माझी आहे. तिला खिडकी ठेवायची की बुजवायची, ते मी ठरवीन. पटत नसेल तर दुसरीकडे बघ. ही खोली घ्यायला लोक टपून बसलेत."

परत फिरताना सगुणाची नजर वर गेली. गोदामाच्या बाहेरच्या भिंतीला, छपराच्या थोडं खाली, तीन झरोके होते. चांगले हातभर रुंद, लाकडी चौकटीचे. त्यांतून ऊन खाली कापसावर पडलं होतं आणि वारा आत येत होता. ते दाखवायला ती मालकाकडे वळली. पण दुसरी खोली कुठे शोधायची, अधू नवऱ्याला घेऊन कुठे जायचं, हा विचार आला आणि ती तशीच घरी आली.

आठवड्याभरानं ती नदीवरून ओल्या कपड्यांचं गाठोडं घेऊन परतली. दार लोटलेलं होतं. तिनं हाक मारली, "अहो, दार उघडा!" उत्तर नाही. खांद्यानं दार ढकललं तर केरबा जमिनीवर पडला होता. इस्त्री एका अंगरख्यावर तशीच राहिली होती आणि कापड जळून काळं झालं होतं. सगुणानं गाठोडं टाकलं, नवऱ्याला काखेत धरून ओढत अंगणात आणलं आणि मोठ्यानं ओरडली. शेजारी धावले. कुणीतरी वैद्यांना घेऊन आलं.

पुष्कळ वेळानं केरबानं डोळे उघडले. वैद्यांनी खोलीत जाऊन चारी भिंती पाहिल्या आणि ते बाहेर आले.

"बाई, धूर तरी डोळ्यांना दिसतो. कोंडलेल्या निखाऱ्यांची हवा दिसतही नाही. ती माणसाला झोप लावते आणि मग उठू देत नाही. अजून घटकाभर उशीर झाला असता तर…"

सगुणानं ओळीतल्या शेवटच्या दाराकडे पाहिलं. बुरडीण म्हातारी थंडीनं गेली नव्हती.

केरबा वाचला, पण त्याच्या हाताला कंप सुटला. साधा रुमालही त्याला सरळ घडी करता येईना. तो हात मांडीखाली दाबून बसायचा, कुणाला दिसू नये म्हणून.

तिसऱ्या दिवशी घरमालक स्वतः आला. बरोबर फळांची टोपली होती.

"झालं ते वाईट झालं," तो म्हणाला. "पण बाई, खोली तुमच्या ताब्यात होती. आत तुम्ही शेगडी पेटवणार आणि दार लावून घेणार, त्याला मी काय करू? तरी माझं मन मोठं आहे. बाजारपेठेत माझी एक खोली रिकामी झाली आहे. दोन खिडक्या आहेत. तिथे राहा, भाडंही देऊ नका. फक्त हे प्रकरण गावभर करू नका."

केरबानं बायकोकडे आशेनं पाहिलं. सगुणाच्याही मनात क्षणभर ती खोली उभी राहिली.

"आणि ही खोली?" तिनं विचारलं.

"तिची काळजी नको. परगावचं एक नवं जोडपं आहे, मातीची भांडी रंगवतात. उद्यापासून देतोय त्यांना."

"खिडकी उघडून?"

मालक हसला. "त्यांना कुठे माहीत आहे इथे खिडकी होती ते!"

सगुणानं फळांची टोपली उचलून त्याच्या हातात दिली.

"मालक, खिडकी बुजवताना खोली तुमची होती. माझा माणूस पडला तेव्हा ती आमची झाली. आता भाड्यानं द्यायची म्हटल्यावर परत तुमची! म्हातारी मेली त्या दिवशी तिची खोली कुणाची होती? चला, आता न्यायाधीशांसमोरच ठरू दे."

ती तशीच निघाली. अंगावर घरातलं जुनेर, केस विस्कटलेले. शेजारच्या तीन खोल्यांची दारं किलकिली होती. आतले लोक मालकाला घाबरून होते. पण सगुणा बाहेरच्या रस्त्याला लागेपर्यंत एक दार उघडलं, मग दुसरं, मग तिसरं. वैद्यही काठी घेऊन निघाले.

गावचा न्यायाधीश वयस्कर होता आणि कमी बोलायचा. त्यानं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि तो उठला. "जागा दाखवा," एवढंच म्हणाला.

तो सगुणाच्या खोलीत गेला, बुजवलेल्या खिडकीवरून हात फिरवला. बुरडिणीच्या खोलीत अर्धी राहिलेली टोपली अजून पडून होती. ती पाहून तो थोडा थांबला. मग वळसा घालून गोदामात गेला. सगळे मागोमाग गेले. न्यायाधीशानं मान वर केली.

"हे झरोके कशासाठी?"

घरमालक व्यवहाराचा माणूस. उत्तर त्याच्या तोंडून आपसूक निघालं. "हवा खेळायला पाहिजे ना, महाराज. कोंदट जागेत कापूस कुजतो."

आपण काय बोलून बसलो ते मालकाला कळलं, पण शब्द तोंडातून गेला होता.

"म्हणजे कोंदट हवेनं काय होतं, हे तुला ठाऊक होतं," न्यायाधीश म्हणाला. "ठाऊक असून तू कापसाची सोय केलीस आणि माणसं कोंडलीस. ही बाई दारात येऊन सांगून गेली, तरी कोंडलीस. आणि आता तिथे दुसऱ्यांना घालायला निघालास."

निकाल तिथेच झाला. त्याच दिवशी कापूस बाहेर निघाला आणि गोदामाची बाहेरची भिंत पाडून पाचही खिडक्या उघडायचं काम सुरू झालं. काम होईपर्यंत भाडेकरू मालकाच्या स्वतःच्या घरात राहिले. केरबा आणि सगुणा यांना जन्मभर पोसण्याची जबाबदारी मालकावर आली. बुरडिणीच्या मृत्यूसाठी त्याला तुरुंगात जावं लागलं, आणि पुन्हा कधी घर भाड्यानं देण्याचा हक्क त्याला मिळाला नाही. एवढं होऊनही केरबाच्या हाताचा कंप गेला नाही. तो कुठल्याच निकालानं जाणार नव्हता.

संध्याकाळी गावात दवंडी फिरली: जो घर भाड्यानं देईल, त्यानं ते राहण्याजोगं आणि धोक्यावाचून ठेवलं पाहिजे, भाडेकरूनं तक्रार केली म्हणून त्याला बाहेर काढता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्या गावात शोधून गवंडी मिळेना. गल्लोगल्ली छिन्नी-हातोड्याचे आवाज येत होते आणि आजवर कुणाला ठाऊक नसलेल्या कितीतरी खिडक्या उघडत होत्या.

तात्पर्य एवढंच की, घर भाड्यानं देणारा त्यात राहणाऱ्यांचा जीवही आपल्या जबाबदारीवर घेतो. धोका ठाऊक असून जो हात वर करतो तो निष्काळजी नव्हे, गुन्हेगार आहे.