सुईणीसाठी जागा

फार जुनी गोष्ट. किती जुनी म्हणून विचारू नका. माझ्या पणजीनंही ती कुणाकडून तरी ऐकलेलीच होती.

डोंगर आणि नदीच्या बेचक्यात एक गाव होतं. तिथले लोक आपली मेलेली माणसं मातीत ठेवत. त्यासाठी नदीकाठी एवढीशी जमीन होती. एकीकडे कातळ, दुसरीकडे पाणी, वाढणार कशी? पण गावकरी मोठे हुशार! ज्यानं त्यानं दगड मांडून आपापली जागा धरून ठेवली. बापाची धरली, स्वतःची धरली, पाळण्यातल्या नातवाचीसुद्धा धरली. घ्या! पोराला अजून दात नाहीत आणि त्याच्या मातीची सोय झाली.

एके दिवशी गावची सुईण वारली. तिला ना मूल, ना भाऊबंद. गावातलं प्रत्येक पोर तिच्या हातांवर जन्मलं होतं, पण स्वतःसाठी दगड मांडायचं काही तिला सुचलं नाही.

पांढऱ्या लुगड्यात गुंडाळून तिला नदीकाठी आणलं. जागाच नव्हती. जो तो खाली बघू लागला.

"तुझा कोपरा मोकळा आहे की," पाटील धनगराला म्हणाला.

"तो माझ्या लेकासाठी आहे."

"अरे, तुझा लेक बैलासारखा धडधाकट आहे!"

"असू दे. आयत्या वेळी कुठं शोधत बसू?"

शेवटी ठरलं, पलीकडच्या रानात न्यायचं. त्या रानात तरसं होती. पुरलेलं ती उकरून काढत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी चौघांनी खांदा दिला.

"थांबा!" कुंभारीण पुढं आली. तिची एकुलती एक पोर तीन वर्षांची असताना गेली होती. धनगराच्या कोपऱ्याशेजारी तिची लहानशी जागा होती. "माझ्या पोरीची जागा उघडा. तिथं ठेवा हिला."

पाटील चपापला. "अगं बाये, लेकराची माती उकरायची?"

"मला काय कळत नाही का?" ती म्हणाली. "तेवढंच उरलंय माझ्याजवळ. पण पोर माझी इतकी वर्षं एकटी निजलीय हो. अंधाराला फार भ्यायची. जन्मली तेव्हा आधी हिनंच तिला छातीशी धरलं होतं. आता परत धरील."

चौघांनी सुईणीला खाली ठेवलं. हलक्या हातानं माती काढली. काचेची दोन इवलीशी कांकणं निघाली, बाकी सगळी मातीच. कुंभारणीनं ती सुईणीच्या हाताशी ठेवली आणि ती ओक्साबोक्शी रडली.

पोरीचीच जागा ती, मोठ्या माणसाला अपुरी पडत होती. धनगर आपणहून पुढं झाला. त्यानं आपले दगड उचलले आणि नदीत टाकले. मग पाटलानं टाकले, मग सगळ्यांनी.

पुढं त्या गावात कुणी गेलं की जुन्या माणसाची जागा उघडत आणि नव्याला त्याच्या कुशीत ठेवत. जमीन तेवढीच राहिली, पण वाटेत मेलेल्या परक्यालाही तिथं माती मिळाली.

आणि कुंभारीण? इतकी वर्षं, थंडी पडली की ती अंथरुणात उठून बसायची, पोरीला गारठा लागत असेल म्हणून. त्या हिवाळ्यात मात्र ती निवांत झोपली.

म्हणून सांगते, लहानांनो आणि थोरांनो: माती अडवून ठेवली तर कुणालाच पुरत नाही, वाटून घेतली तर सगळ्यांना पुरते.