समोरच्या कप्प्यातली मेथी

त्या थंड राज्यात दार उघडलं की दिवस उगवे आणि मिटलं की मावळे. प्रजेला एकच आस होती: एकदा तरी शेगडीपर्यंत पोचावं.

बरीच वर्षं तिथे नुसती बेबंदशाही होती. शिळ्या वाट्यांमागे पालक चेंगरून जाई, तळाच्या अंधारात गाजरं लिबलिबीत होत. मग एकदा मोठी आवराआवर झाली. बाहेरून आलेल्या हाताने कप्पे पुसले, शिळ्याला हाकललं, भाज्या निवडून, कोरड्या करून काचेच्या डब्यांत भरल्या. वर बर्फाच्या कप्प्यात मटार आणि तयार पराठे वेगवेगळे लावले. "आता समोर दिसलं की रोज घरचं ताजंच होईल," असा आवाज प्रजेने ऐकला.

मेथीला अगदी समोरची जागा मिळाली. ती शेजारच्या दुधीला म्हणाली, "आजोबा, आज नाहीतर उद्या मीच!"

"हो पोरी," दुधी म्हणाला. त्याचं बूड मऊ पडू लागलं होतं. ती बाजू त्याने भिंतीकडे वळवून ठेवली होती.

दार उघडे. हात मेथीवरून वर जाई आणि पराठा घेऊन परते. कधी पाहुण्यांना दाखवायला म्हणून दार उघडलं जाई. "किती छान लावलंय गं!" ते म्हणत. मेथी दर वेळी पानं सावरून बसे.

हळूहळू तिच्या कडा पिवळ्या पडल्या. ती पानं तिने हिरव्यांच्या आड दडवली.

"आजोबा, मी त्यांना दिसत नाही का?"

"दिसतेस की. लख्ख दिसतेस."

शेवटी एकदा तिचा डबा उचलला गेला. बाहेर ऊब होती, उजेड मिटत नव्हता. पुढ्यातच शेगडी होती. मेथीने उरलेली सगळी पानं एकवटली. झाकण निघालं आणि लगेच कुणीतरी तोंड फिरवलं. शेगडी थंडच होती. मेथी विकतच्या जेवणाच्या रिकाम्या खोक्यांवर जाऊन पडली.

डबा घासून, पुसून, रिकामाच समोर ठेवला गेला. तेवढ्या उजेडात मागच्या रांगेतल्या कोथिंबिरीला ती जागा दिसली.

"आजोबा, आता माझा नंबर ना?" तिने विचारलं.

तिला वाट मिळावी म्हणून दुधी जरासा बाजूला सरकला.