सोपानचे हातमोजे

माणदेशातल्या एका उन्हानं भाजलेल्या गावात सोपान नावाचा एक भोळा गडी होता. इतका भोळा, की कुणी नुसतं "थांब जरा" म्हटलं तरी दिवेलागणीपर्यंत तिथंच उभा राहायचा. कुठवर थांबायचं, हे विचारायचं त्याच्याकडून राहून जाई.

कामाला तो वाईट नव्हता. सांगितलेलं सगळं करायचा. तेच तर दुखणं होतं.

त्याची बायको शेवंता एकदा नदीवर जाताना म्हणाली, "गाईवर लक्ष ठेवा." गाय सुटली आणि शेजारच्या उसात शिरली. सोपानही मागोमाग उसात शिरला. गाईनं अर्धा फड फस्त केला. उसाचा मालक काठी घेऊन धावत आला, तर सोपान म्हणाला, "काळजी करू नका, माझं लक्ष हाय." त्या दिवशी शेवंतानं गाठोडं बांधलं आणि ती माहेरी गेली.

सोपान तिला आणायला गेला. सासरे केरबा ओट्यावरच बसले होते. ते म्हणाले, "जावईबापू, शिमग्यापर्यंत एक काम धड टिकवून दाखवा. मग पोरगी नांदायला धाडतो. न्हाईतर ती हितंच बरी."

सोपानला शेवंताशिवाय जेवण गोड लागत नव्हतं. काम मिळालं नाही तर ती कायमची जाणार, एवढं त्यालाही कळत होतं. तो बहिणीला फोन करून रडला.

बहीण हौसाक्का लांब हिमाचलात राहायची. तिच्या नवऱ्याचं, बबनदाजींचं, तिथं सोनं-चांदी गाळायचं दुकान होतं. माणदेशातली माणसं या धंद्यापायी कुठं कुठं जाऊन बसतात, तसेच दाजी पार बर्फात जाऊन बसले होते. हिवाळ्यात दुकान थंड पडायचं, म्हणून त्यांनी बर्फावर चालणारी स्कूटर घेतली होती. पुढं घसरायच्या दोन फळ्या, मागं रबरी पट्टा, आवाज पिठाच्या गिरणीसारखा. पर्यटकांना मागं बसवायचं आणि डोंगरात फिरवून आणायचं. चालवायला घरचा माणूस हवा होता. हौसाक्का म्हणाली, "माझा भाऊ हाय की." दाजींनी आधी डोकं खाजवलं. मग बायकोच्या तोंडाकडं बघून हो म्हणाले.

त्यांनी फोनवर सोपानला बजावलं, "येताना हातमोजे घेऊन ये. हितं बर्फात हात गारठला की ब्रेकसुद्धा दाबता येत न्हाई. घेताना हातात घालून बघ. बोटं मोकळी हलली पाहिजेत."

"आलं ध्यानात, दाजी," सोपान म्हणाला.

सोपानच्या ध्यानात एकदा काही आलं की ते पुन्हा बाहेर निघत नसे.

तो आटपाडीच्या बाजारात गेला. लोकरीचे मोजे घालून बघितले. बोटं जराशी अडली. जाड कातड्याचे घालून बघितले. बोटं फारच अडली. मग दुकानदारानं तालमीतली पोरं वजन उचलताना घालतात ते मोजे काढले. त्यांना बोटंच नव्हती. सोपाननं हात घातला आणि त्याची पाचही बोटं बाहेर आली. त्यानं ती हवी तशी हलवली.

"हेच द्या," तो म्हणाला. "ह्याच्याइतकी मोकळी कुठंच न्हाईत."

तो डोंगरात बसमधून उतरला तेव्हा सगळीकडं मांडीएवढा बर्फ होता. दाजींच्या घरी पोचेपर्यंत त्याची बोटं वांग्याच्या रंगाची झाली. हौसाक्कानं त्याचे हात शेगडीपाशी धरले आणि डोळ्यांना पदर लावला.

"अरे शहाण्या," दाजी म्हणाले, "मोज्याच्या आत वारा जाता कामा नये! घेताना फुंकून बघायचं असतं. फुंकर आरपार गेली, तर ती वस्तू घ्यायची न्हाई."

"आलं ध्यानात, दाजी."

दुसऱ्याच दिवशी दाजींनी त्याला बाजारात पाठवलं. खोलीतल्या लोखंडी शेगडीचा धूर छपराबाहेर न्यायला पत्र्याची नळी असते. ती गंजली होती, नवी आणायची होती. सोपाननं दुकानातली पहिली नळी उचलली, तोंडाला लावली आणि जोरात फुंकली. फुंकर आरपार गेली. त्यानं नळी बाजूला ठेवली. दुसरी फुंकली. तीही तसलीच. दुकानदार हिंदीत काहीतरी बोलत होता. सोपान त्याला म्हणाला, "तुमची सगळी नळकांडी फुटकी हायती." शेवटी कोपऱ्यात त्याला एक जुनी नळी सापडली. तिच्यात चिमण्यांनी घरटं केलं होतं. त्यानं गाल फुगवून फुंकलं, डोळे बाहेर आले, पण वारा काही गेला नाही. ती घेऊन तो आनंदानं घरी आला आणि स्वतःच्या हातानं शेगडीला बसवली.

जरा वेळानं घरातली सगळी माणसं बाहेर बर्फात उभी राहून खोकत होती. दाजी कुठले आणि हौसाक्का कुठली, हे फक्त आवाजावरून कळत होतं.

"मोज्याचं मोज्यापाशी ठेव!" दाजी काळ्या तोंडानं ओरडले. "आणि मोज्याचंसुद्धा नुसतं फुंकून भागत न्हाई. पाण्यात बुडवून बघायचं. आत पाणी गेलं तर माल खोटा."

"आलं ध्यानात, दाजी."

दाजींनी इथं गप्प बसायला हवं होतं. पण शिकवायची खोड असलेल्या माणसाला गप्प बसणं जमत नाही.

संक्रांत आली. त्या परक्या मुलखात हौसाक्काला संक्रांतीचं फार वेड. गावाहून आईनं तीळ आणि गूळ पाठवला होता, बसच्या ड्रायव्हरपाशी. सोपान तो आणायला गेला. वाटेत ओढा होता. सोपाननं पिशवीचं तोंड सोडलं, ती पाण्यात बुडवली आणि नीट धरून बसला. मग वर काढली, पिळली, आणि घरी आणली.

हौसाक्कानं पिशवी उघडली. आत काही नव्हतं.

"अरं, तीळ कुठायत?"

"पोहत गेले, आक्का."

"आणि गूळ?"

"बुडाला, तो वर आलाच न्हाई. माल सगळा खोटा होता. आईला फसवलंय कुणीतरी."

त्या संक्रांतीला दाजींना गोड बोलणं फार जड गेलं. शेजारची कुत्री मात्र आठवडाभर ओढ्याच्या काठचा बर्फ चाटत होती.

शेवटी दाजी स्वतः उठले आणि त्यांनीच सोपानला मोजे घेऊन दिले. कोपरापर्यंत लांब, वरून कातडी, आतून लोकर, आणि हाताची बोटं आत मोकळी हलत होती, पण झाकलेली होती. प्रत्येक मोज्याला एक दोरी होती.

"ही दोरी कशाला, दाजी?"

"हितला बर्फ भुसभुशीत. त्यात पडलेला मोजा पुन्हा सापडत न्हाई. म्हणून दोरी मनगटाला बांधायची. जे हरवायला नको, ते दोरीनं मनगटाला बांधायचं. आणि बर्फात असेपर्यंत मोजा हातातून काढायचा न्हाई."

"आलं ध्यानात, दाजी."

त्यानंतर एक नवल झालं. सोपाननं स्कूटर उत्तम चालवली. पर्यटक बसायचे, फिरायचे, हसत उतरायचे. सोपान सकाळी निघायचा आणि उन्हं कलताना परत यायचा. कुणी त्याला नवीन काही सांगितलं नाही, म्हणून काही बिघडलंही नाही. हौसाक्कानं शेवंताला फोन करून सगळं सांगितलं. शेवंताचा विश्वास बसला. केरबांचा बसला नाही. शिमगा जवळ आला होता. ते म्हणाले, "मी डोळ्यांनी बघीन, मगच पोरगी ठेवीन." आणि लेकीला घेऊन ते थेट डोंगरात येऊन थडकले.

शेवंता दिसली आणि सोपानला काय करावं ते सुचेना. ती जरा हसली. तो तिच्याकडं बघत तसाच उभा राहिला. पाण्याचा हंडा त्याच्या हातात होता आणि पाणी पायांवर सांडत होतं.

"चला, जावईबापू," केरबा गुलाबी पटका कानांवर ओढत म्हणाले. "मला फिरवून आणा. बघू तुमचं काम."

दाजींनी केरबांना भारीतले, दोरीवाले मोजे दिले. शेजाऱ्याकडून मागून आणले होते. मग दाजी सोपानला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "मोजे परक्याचे हायती. काय वाट्टेल ते झालं तरी हरवू देऊ नको."

"आलं ध्यानात, दाजी."

सोपाननं केरबांच्या मोज्यांच्या दोऱ्या घेतल्या आणि घट्ट गाठ मारून बांधल्या. आपल्याच मनगटांना. मनगटाला बांधायचं, एवढंच दाजी म्हणाले होते. कुणाच्या, ते म्हणाले नव्हते. केरबांना वाटलं, धरून बसायची ही इथली रीत असेल. त्यांनी जावयाची कंबर धरली.

स्कूटर भर्रकन वर गेली. एका चढावर वळण आलं. केरबा घसरले आणि मऊ बर्फात गळ्यापर्यंत रुतले. हात मोज्यांतून निसटले. मोजे दोऱ्यांना लोंबत सोपानच्या मागं उडत राहिले. सोपाननं एकदा वळून बघितलं. दोन्ही मोजे होते. तो निश्चिंत झाला. सगळा फेरा पुरा करून, सावकाश, दारात येऊन थांबला.

"दाजी, दोन्ही आणले. एकसुद्धा हरवला न्हाई."

"आणि मामा कुठायत?" दाजींनी विचारलं.

सोपाननं मागं बघितलं. मग मोज्यांत बघितलं. एका मोज्यात फुंकर मारून बघितली. दुसरा दारातल्या बादलीत बुडवून बघितला.

"मोजा चांगला हाय," तो म्हणाला. "आत वारा न्हाई, पाणी न्हाई. मामापण न्हाईत."

शेवंतानं किंकाळी फोडली. दाजींनी फावडं घेतलं. सगळे स्कूटरच्या खुणेवरून धावत सुटले. केरबा सापडायला वेळ लागला नाही. पांढऱ्या बर्फावर एक गुलाबी पटका होता आणि तो माणदेशी शिव्या देत होता.

त्यांना उपसून काढलं. दाजींचा जीव भांड्यात पडला आणि लगेच राग वर आला. "अरे येड्या, मोजा न्हाई, माणूस बांधायचा! मामांना मनगटाला बांध! घरी पोचल्याशिवाय दोरी सोडायची न्हाई! आणि आधी त्यांचे हात झाक, गारठलेत ते!"

"आलं ध्यानात, दाजी."

सोपाननं केरबांच्या हातांत त्यांचे मोजे घातले. ओला मोजा बघून त्याला बरं वाटेना. त्यानं आपल्या हातांतले मोजे काढले आणि त्यांच्यावर चढवले. सासऱ्यांना मोज्यांच्या दोरीनं आपल्या मनगटाला बांधलं आणि घरापर्यंत सोडलं नाही. घरी पोचल्यावर शेवंताचं लक्ष त्याच्या हातांकडं गेलं. उघडे, लालबुंद.

"आणि तुमच्या हातांचं काय?" तिनं विचारलं.

"माझं कुणी सांगितलं न्हाई," सोपान म्हणाला.

शेवंताला रडू आलं. तिनं त्याचे हात आपल्या पदरात घेतले आणि चोळत बसली. केरबा म्हणाले, "चल पोरी, उद्याच्या गाडीनं निघायचं." ती म्हणाली, "आबा, तुम्ही जावा. मी हितंच नांदणार. ह्यांच्यापाशी कुणीतरी नीट सांगणारं पाहिजे."

केरबांनी शेगडीजवळ बसून हात शेकले. हात आता ऊबदार झाले होते. "ऱ्हा बाई," ते म्हणाले. "तुझं नशीब."

सोपानचं कामही टिकलं आणि बायकोही परत आली. इथं गोष्ट संपली असती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी त्याला म्हणाले, "मामांना गाडीत बसवून ये. हातांत मोजे घालून जा दोघं. आणि कालचं ध्यानात हाय ना?"

"हाय, दाजी."

शेवंता त्या वेळी चुलीपुढं नवऱ्यासाठी भाकरी थापत होती. सोपान गेला. दुपार झाली तरी आला नाही. संध्याकाळ झाली. दाजी बसच्या थांब्यावर विचारून आले. तिथला चहावाला आपल्याच मुलखातला होता, तो म्हणाला, "दोघं दोरीनं बांधलेले होते. म्हातारा ओरडत होता, 'सोड, उतर खाली.' तरुण म्हणत होता, 'घरी पोचल्याशिवाय न्हाई.' म्हाताऱ्यानं गाठ सोडायला बघितलं, पण जाड मोज्यांत बोटं वळेनात. मग दातांनी ओढली, तर कवळी निघून गाठीत अडकली. तेवढ्यात गाडी गेली."

काही दिवसांनी शिमग्याच्या सकाळी शेवंताच्या आईचा माहेराहून फोन आला. आवाज घाबराघुबरा होता.

"पोरी, हितं दारात जावईबापू उभे हायती. भर उन्हात कोपरापर्यंत मोजे घालून. तुझ्या बाला हाताला बांधून आणलंय. म्हणतात, 'घरी पोचवले, आता सोडतो.' आणि सारखे इकडंतिकडं बघून विचारतायत, शेवंता कुठाय म्हणून."

शेवंतानं डोकं धरलं. "आये, त्यांना दे फोन."

पलीकडून सोपानचा आवाज आला. खूश होता.

"शेवंता, आबा सुखरूप हायती. मोजे पण हायती. दोरी पण हाय. एकसुद्धा हरवलं न्हाई. पण तू कशी गं हरवलीस?"

मग बिचाऱ्यानं मनापासून सांगितलं, "तुला बांधायचं कुणी सांगितलंच न्हवतं."