दोन वाटा आणि एक नवरा

खोटं लग्न आपण एका प्रश्नात पकडतो, अशी व्हिसा कचेरीतल्या त्या साहेबाची ऐट होती. आज त्याच्यासमोर मिरजेची नर्स शर्वरी बसली होती. तिचा नवरा निनाद साहेबाच्याच देशाचा नागरिक, आणि तिला तिथे कायमचं राहायचं होतं.

साहेब खुर्चीत रेलला. "बाई, नर्सना आम्ही नोकरीवरही कायमचं ठेवून घेतो. ती अवघड वाट सोडून तुम्ही लग्नाची सोपी वाट धरलीत. म्हणजे नवरा नुसता नावाला, हवाय आमचा देश!"

शर्वरी शांतपणे म्हणाली, "नोकरीवर आले असते तर मला कुठे पाठवलं असतंत?"

"उत्तरेच्या टोकाला, बर्फात. नियमच आहे."

"आणि निनाद राहतात दक्षिणेला. देशच हवा असता तर तो मला नवऱ्याशिवायही मिळत होता, साहेब. मला नवरा हवाय. आमच्याकडे मुलगी लाडू-करंज्यांचं रुखवत घेऊन सासरी जाते. आमच्या लग्नात उलटंच झालं, नवरा अख्खा देश घेऊन आला. आता प्रेमाने आणलाय, तर परत कसा पाठवू?"

साहेब खो खो हसत सुटला आणि शिक्का उचलत म्हणाला, "नका पाठवू, बाई. ठेवून घ्या!"