नववं नाव

“…आणि अण्णांच्या यादीत आपल्या धैर्याचं नावच—”

पुढचं शैलाकाकूंना ऐकू आलं नाही. डेअरीवाल्यानं नेमकं त्याच वेळी मशीन सुरू केलं, आणि ते थांबेपर्यंत बोलणाऱ्या दोघी किटल्या उचलून गेल्यासुद्धा.

आता अर्धी बातमी घेऊन घरी बसायचं म्हणजे घशात भाकरीचा तुकडा अडकल्यासारखं. काकूंनी उरलेली अर्धी स्वतःच जोडली, आणि वाटेत धैर्यशील भेटला तेव्हा निव्वळ काळजीपोटी सगळी त्याच्या कानावर घातली.

“रविवारच्या यादीत तुझं नाव नाही म्हणं रे.”

धैर्यशील म्हणजे गावच्या खो-खो संघाचा कप्तान. खांबाजवळ त्यानं सूर मारला की म्हातारीकोतारीसुद्धा टाळ्या पिटायची. रविवारी हंगामाचा पहिला सामना. पोराचा चेहरा उतरला. तो तसाच मैदानाकडं वळला.

काकूही लगबगीनं घरी आल्या. मैदानाला लागूनच त्यांच्या परसाची भिंत. मेथीची जुडी घेऊन त्या भिंतीशी बसल्या. मेथी निवडायला उजेड तिथंच बरा असतो.

मैदानात संघाला शिकवणारे नेमगोंडा अण्णा उकिडवे बसून खडे वेचत होते. हंगामाच्या आधी, गड्यांच्या बसायच्या आठही चौकोनांतले खडे ते हातानं वेचायचे. चाळीस वर्षं झाली, हे काम त्यांनी कुणाला दिलं नव्हतं. शेजारी पत्र्याचा डबा.

“मला वगळून यंदा जिंकणार का संघ?”

खडा डब्यात पडला. टण्.

“सांगा की अण्णा.”

टण्.

“गेल्या साली फायनलला एकट्यानं सात गडी मारले मी. विसरलात?”

“नाही.”

“मग?”

“एका गुणानं गेली फायनल.”

धैर्यशीलनं पायानं माती उकरली. “शेवटचा गडी सुटला, मान्य आहे. सूर मारला, बोटभर कमी पडला. खेळात होतं असं.”

“होतं.” अण्णांनी मान वर केली. “तू सूर मारलास तेव्हा आठव्या चौकोनात कोण बसलं होतं?”

“कुठं?”

“खांबाला लागून. तुझ्या हाताशी.”

“सुहास… नाही, सुहास मधे होता. थांबा…”

अण्णा थांबले.

भिंतीआड काकूंना उत्तर ठाऊक होतं. अगदी ओठावर आलं होतं. त्यांनी मेथीचा देठ दातात धरला.

“तोंड कुणीकडं होतं त्याचं?” अण्णांनी विचारलं.

धैर्यशीलनं वळून आठव्या चौकोनाकडं पाहिलं.

“अल्ताफ होता. गडी पलीकडं पळत होता, अल्ताफचं तोंडही पलीकडंच होतं. त्या डावात तीन वेळा तू त्याच्या पाठीमागून गेलास. तिन्ही वेळा त्यानं उठायला टाच उचलली होती.”

“तुम्हाला एवढं आठवतं?”

“ये इकडं.”

अण्णा पहिल्या चौकोनापाशी गेले. तळवा मातीवरून फिरवला, झोपलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

“ही पोपटची जागा. डावा गुडघा दुखायचा त्याचा. इथं एक खडा चालायचा नाही.”

दुसऱ्या चौकोनाशी ते जरा जास्त वेळ बसले.

“ही वसंताची. त्याला लांबून पावलं ओळखू यायची. कोण येतंय, दमलाय का, खो देणार का पुढं जाणार… सगळं पाठीला कळायचं त्याच्या.”

वसंता म्हणजे काकूंचे मालक. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. भिंतीआड मेथीचं एक पान काकूंच्या बोटांत तसंच राहिलं. घरातसुद्धा तसंच होतं. दाराकडं पाठ करून जेवत असले तरी म्हणायचे, आलीस का गं.

“तिसरी रावसाहेबाची. जोरात हात लावला की चिडायचा. हळू लावायचा त्याला.”

“अण्णा, ही चाळीस वर्षांपूर्वीची माणसं.”

“हो.”

“त्यातली निम्मी आता नाहीत.”

“जागा आहेत.”

वाऱ्यानं थोडी धूळ उडाली. अण्णांनी सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि त्याच्या हातात दिला.

धैर्यशीलनं वाचला. आठ नावं होती. अल्ताफचं होतं, सुहासचं होतं. त्याचं नव्हतं. पण खाली नऊ आकडा घातला होता आणि पुढं कोरं होतं. दुसऱ्या कुणाचंही नाव तिथं नव्हतं.

“म्हणजे लोक बोलत होते ते खरंच की.”

“लोक अर्धं बोलतात,” अण्णा म्हणाले. मग भिंतीकडं न बघताच त्यांनी आवाज चढवला. “काय शैला, झाली का मेथी निवडून?”

“होतच आली अण्णा!” भिंतीआडून आवाज आला. जरा घोगराच आला.

धैर्यशीलला हसू आलं नाही. कागदाची घडी करून त्यानं ती अण्णांना परत दिली. मग आठव्या चौकोनाशी गेला, उकिडवा बसला आणि तळव्यानं माती चाचपू लागला.

टण्.

“अण्णा…”

“हं.”

“अल्ताफला जोरात हात लावलेला चालतो का हळू?”

“त्याला विचार.”

टण्. टण्.

ऊन खांबाच्या बुंध्याशी आलं. डबा निम्मा भरला. आठव्या चौकोनातली माती आता पिठासारखी झाली होती. धैर्यशीलनं हात झाडले आणि ओळीकडं पाहिलं. आठ चौकोन. एक इकडं तोंड करून, एक तिकडं.

“या आठ जणांच्या आठ जागा झाल्या अण्णा… मग माझी कुठली?”

अण्णांनी डबा उचलून काखेत धरला.

“पळणाऱ्याला जागा नसते रे… खो दिला की मिळते.”