राणी कमळजेची भरली घागर

एका राज्यात एक तळे होते. तळ्याला एकशे आठ पायऱ्या, आणि कथा सुरू होते त्या दिवशी त्यातल्या सातच पाण्याखाली उरल्या होत्या. रोज एक पायरी उघडी पडे. पाऊस चुकलेला नव्हता, ऊनही जास्त तापलेले नव्हते. पाणी तळातून जात होते. कुठे जाते ते राणी कमळजेला पक्के ठाऊक होते, कारण ते जाऊ दिले होते तिनेच.

ते कसे, ते आधी ऐका.

तिचे धरून अशी पाच राज्ये होती आणि पाचांच्या मध्ये चक्रवर्तीची राजधानी. राजधानीमागच्या डोंगरात अग्निसर्प राही. तो जागा झाला तर पाचही राज्यांची राख व्हायची. म्हणून त्याच्या उशाशी एक तळे बांधले होते, आणि दर पाडव्याला प्रत्येक राज्य तिथे आपल्या पाण्याची एक घागर पाठवी. ती नेणाऱ्याला घागरकरी म्हणत. त्याने भरली घागर खांद्यावर घेऊन घाटावर उभे राहायचे, आपल्या राज्याचे म्हणणे सांगायचे, आणि चक्रवर्तीने ते उभ्याने ऐकायचे. आधी बोलायचे, मग ओतायचे. पटले नाही तर घागरकरी भरली घागर घेऊन माघारी फिरू शकत असे. आणि त्या घाटाचा एक गुण होता. भरल्या घागरीवाचून तिथे पाच राज्यांतल्या कुणाही माणसाला कंठ फुटत नसे.

बारा वर्षांपूर्वी राजधानीत विवरनाथ नावाचा मांत्रिक आला. मोठा गोडबोल्या. त्याने पाचही राज्यांना निरोप धाडला की, दोन दोन दिवस ओझे कशाला वाहता? मी जमिनीखालून बिळे खणतो, पाणी आपोआप येईल. तुमचे घागरकरी राजधानीत लोडाला टेकून बसतील आणि चक्रवर्तीच्या मुदपाकखान्यात जेवतील. सगळ्यांना हायसे वाटले. कमळजा तेव्हा नुकती गादीवर बसली होती. तिचा घागरकरी म्हणजे तिचा पाठचा भाऊ माणकोजी. त्याच्या खांद्याला घट्टे पडले होते. चला, पोराचा खांदा सुटला, असे म्हणत तिने करारावर राजमुद्रा उमटवली. एवढी शहाणी बाई, पण आयते मिळतेय म्हटल्यावर तीही भुलली.

माणकोजी परत आला नाही. तिने पाठवलेली पत्रे उघडल्यावाचून माघारी आली. गेल्या साली ती स्वतः गेली, तर रिकाम्या हातांमुळे घाटावर तिच्या तोंडून शब्द निघेना. लोडांवर भाऊही दिसला नाही. पाच लोडांवर पाच तांब्याच्या घागरी तेवढ्या मांडून ठेवलेल्या होत्या. सूर्यसेन चक्रवर्तीने मुक्या राणीकडे पाहून मान हलवली, आणि ती मुकाट घरी आली.

तर सात पायऱ्या उरल्या त्या सकाळी कमळजा तळ्याकाठी उभी होती. समोरच्या फांदीवर एक खंड्या पक्षी येऊन बसला. निळे पंख, लांब चोच, आणि डोळ्यांत मोठा आगाऊपणा.

"राणी," खंड्या म्हणाला, "मी काठात बीळ करून राहणारा. बिळांतले मला कळते. मासा देशील तर तीन गोष्टी सांगेन."

राणीने मासा मागवला. खंड्याने तो सावकाश गिळला, चोच पुसली आणि सांगितले. पहिले, तळ्याच्या तळाशी असलेले बीळ बुजव. दुसरे, दर घरामागे मूठभर माती घेऊन नवी घागर घडव. तिसरे, ती भरून, खाली न ठेवता, कुणाच्या हाती न देता घाटावर ने. मग जाता जाता म्हणाला, "आणि लोडावरच्या पाच घागरी पाहिल्यास ना? त्यातली डावीकडून दुसरी तुझा भाऊ. रिकामा बसून बसून माणूस घागर झाला. कुणी बोलले की घुमतो, एवढेच काम उरले आहे त्याला."

कमळजा पायरीवर बसली. ती रडली, आणि कुणी पाहील म्हणून लपली नाही. मग तिने पदर खोचला.

बीळ बुजवायला आधी दगड टाकले. बिळाने ते गिळले. मग गाडाभर चिकणमाती टाकली, तीही गेली. तेव्हा राणीच्या ध्यानात आले की बीळ ज्याने उघडले, तेच ते मिटवील. तिने बोटातली राजमुद्रा काढली. ती मुद्रा सात पिढ्यांची, तिच्यावाचून राणीचा एकही हुकूम चालत नसे. प्रधान हात जोडून नको नको म्हणत राहिला. राणी गळाभर पाण्यात उतरली, बुडी मारून मुद्रा बिळाच्या तोंडावर दाबली आणि वर येऊन म्हणाली, "दिलेली संमती परत घेतली." बीळ मिटले. पाणी स्थिर झाले. खंड्याने वरून कळवले की हा ठसा पाच दिवस टिकेल, त्याआधी चक्रवर्तीने स्वतः करार सोडायला हवा. नाहीतर बीळ दुप्पट उघडेल.

दुसरे काम तिला सोपे वाटले होते. तेच जड गेले. ती पहिल्याच दारात माती मागायला उभी राहिली, ते दार येसू कुंभारणीचे. येसूने राणीला बसायला पाट दिला, पण माती दिली नाही.

"ठसा तुमचा, बीळ तुमचं," येसू म्हणाली. "करार केलात तवा आमच्या दारात आला नव्हतात. आता माती कशापायी द्यावी?"

राणी म्हणाली, "चुकले. म्हणून आले."

येसूने मातीची मूठ भरली. "मग नुसती माती नेऊ नका. माझं म्हणणं बी न्या. सांगा त्या चक्रवर्तीला, नवरीला न्हाऊ घालायला पाणी न्हाई म्हणून माझ्या नातीचं लगीन तीनदा पुढं ढकललं."

असे झाल्यावर राणीला वाट सापडली. ती घरोघर गेली. राज्यात तीनशे चाळीस घरे. प्रत्येक घराने मूठभर माती दिली आणि एकेक बोलणे दिले. कुणी रागाने दिले, कुणी भीत भीत दिले, एका म्हाताऱ्याने तर तळ्याचे सोडून आपल्या सुनेचेच गाऱ्हाणे सांगितले. राणीने तेही मनात ठेवले. बारा वर्षे ती या लोकांची राणी होती, आणि त्यांचे ऐकून घ्यायला आजच बसली होती. याची तिला लाज वाटली आणि बरेही वाटले. दोन दिवसांत माती जमली. तिसऱ्या दिवशी येसूने घागर घडवली आणि भाजली. बोटाने वाजवून पाहिली, तर घागरीतून तीनशे चाळीस घरांची कुजबुज ऐकू आली. येसूला त्यात काही नवल वाटले नाही. भाजणी चांगली उतरली, एवढेच ती म्हणाली.

चौथ्या दिवशी सूर्य उगवता राणी भरली घागर खांद्यावर घेऊन निघाली. कुणी सरदार नाही, पालखी नाही. खंड्या तेवढा पुढे पुढे उडत होता.

विवरनाथाला बीळ मिटल्याचे कळले होतेच. वाटेत एक रथ आपोआप चालत आला, त्याला घोडे नव्हते. रथ म्हणाला, "घागर माझ्यात ठेव, सुखाने चल." राणीला हसू आले. बारा वर्षांपूर्वीचेच आमिष, नुसती चाके लावून आणले होते. ती पुढे गेली. मग एक महाल आडवा आला, त्याच्या अंगणात गार सावली आणि घागर टेकायला चांदीची तिवई. राणीने उभ्याउभ्याच सावलीत दम खाल्ला, खांदा बदलला आणि महालाला वळसा घातला. तिसऱ्या ठिकाणी एक यात्रेकरू ओठ सुकवून पडला होता, पाणी पाणी करत. राणीचा जीव गलबलला. तेवढ्यात खंड्याने यात्रेकरूच्या झोळीवर चोच मारली आणि झोळीतून भरलेला तांब्या गडगडत बाहेर आला. यात्रेकरू धुराचा झाला आणि निघून गेला.

पाचव्या दिवशी दुपारी ती राजधानीत पोचली. काय थाट तिथला. चौकाचौकांत कारंजी, हत्तींना न्हाणी, विवरनाथाच्या वाड्यात तर जिन्यावरूनही पाणी वाहत होते. कमळजेने त्या पाण्याचा वास ओळखला. तिच्या तळ्यातल्या कमळांचा वास होता तो.

घाटावर मात्र पळापळ चालली होती. डोंगर तापून लाल झाला होता, पायाखालची जमीन हलत होती. सूर्यसेन चक्रवर्ती काठाशी उभा होता. थकलेला, पांढऱ्या मिशांचा माणूस. विवरनाथ त्याच्या कानाशी. आणि पाच लोडांवर त्या पाच तांब्याच्या घागरी.

"आलीस ते बरे झाले," चक्रवर्ती म्हणाला. "तुझे पाणी पाच दिवस तुटले आणि सर्प चाळवला. आधी ओत."

"आधी ओत, आधी ओत," पाच घागरी घुमल्या.

विवरनाथ राणीजवळ आला आणि हळूच म्हणाला, "मुकाट्याने ओतलेस तर तुझा भाऊ या क्षणी माणूस होईल. बोलू लागलीस तर तो जन्मभर तांब्याचा राहील. विचार कर."

कमळजेने डावीकडून दुसऱ्या घागरीकडे पाहिले. घागरीच्या खांद्यावर एक पोचा होता, माणकोजीला जिथे घट्टे पडले होते अगदी तिथे. तिने घागर किंचित कलती केली. थेंबभर पाणी काठापर्यंत आले. तिला भाऊ हवा होता, दुसरे काही नको होते. पण असेच मुकाट पाणी जाऊ दिल्याने तर तो घागर झाला होता. असा सुटलेला भाऊ पुढच्या पाडव्याला पुन्हा याच लोडावर बसेल, हे तिला उघड दिसले. तिने घागर सरळ केली.

"महाराज," ती म्हणाली, "आधी बोलायचे, मग ओतायचे. हा आपल्या आजोबांचा नेम आहे. येसू कुंभारणीच्या नातीचे लग्न तीनदा पुढे गेले."

"नातीचे लग्न तीनदा पुढे गेले," पाच घागरी घुमल्या.

चक्रवर्ती दचकला. बारा वर्षांत या घागरींतून त्याने स्वतःचा आवाज सोडून काही ऐकले नव्हते. मी विचारले की पाचही राज्ये होय म्हणतात, अशा समजुतीत तो सुखाने निजत आला होता. घागरी तर जो बोलेल त्याचे घुमवणाऱ्या. दुसरे कुणी बोललेच नव्हते.

विवरनाथ ओरडला की डोंगर फुटेल, हिला थांबवा. चक्रवर्तीने हात वर केला आणि, नेमाप्रमाणे, तो उभ्याने ऐकू लागला. जमीन हलत होती आणि राणी बोलत होती. तीनशे चाळीस घरांचे बोलणे तिने एकेक करून सांगितले. सुनेचे गाऱ्हाणेही सांगितले, ते ऐकून चक्रवर्तीला हसू आवरेना. प्रत्येक बोलणे पाच घागरींतून घुमे, आणि प्रत्येक घुमण्यासरशी तांब्याला एक बारीक तडा जाई. शेवटी राणी स्वतःचे बोलली.

"सर्पाला पाणी द्यायचे हे आम्हाला मान्य आहे. पण आमचे पाणी आमच्या हातून येईल. ते कशाला हवे ते आपण या घाटावर सांगाल, आणि किती द्यायचे ते आम्ही घरी बसून ठरवू. बिळे बुजवा."

तीनशे एक्केचाळीसावे बोलणे घुमले आणि पाचही घागरी फुटल्या. लोडांवर पाच माणसे बसलेली होती, डोळे चोळत, गुडघे धरत. माणकोजीच्या दाढीत पांढरे केस आले होते.

चक्रवर्ती वळला तो विवरनाथाकडे. "एवढे पाणी रोज येते, तरी सर्प दर साली अधिक का तापतो?"

उत्तर फांदीवरून खंड्याने दिले. "ओरबाडलेल्या पाण्याने तो निवत नाही. मनाने ओतलेली एक घागर त्याला पुरते. बाकीचे कारंज्यांत गेले."

चक्रवर्तीने तिथेच पाचही करार मागवून तळ्यात बुडवले. जमिनीखाली धडधड झाली आणि पाच बिळे मिटली. मग तो राणीला म्हणाला, या खेपेला जरा नरमाईने, "आता ओतशील?"

कमळजेने घागर खांद्यावरून उतरवली ती भावाच्या खांद्यावर ठेवली. "घागरकरी हा आहे. त्याला विचारा."

सगळे माणकोजीकडे पाहू लागले. डोंगर धुमसत होता. तो लगेच होय म्हणाला नाही. बारा वर्षे होय म्हणून झाले होते. त्याने घागरीचे वजन अजमावले, बहिणीकडे पाहिले आणि चक्रवर्तीला विचारले, "पुढच्या पाडव्याला उभ्याने ऐकाल?"

"ऐकेन," चक्रवर्ती म्हणाला.

"बसायला लोड देणार नाही?"

"नाही."

तेव्हा माणकोजीने घागर कलती केली. एकच घागर, पण पाणी तळ्यात पडले आणि डोंगर काळा पडत गेला. सर्पाने कूस बदलली आणि तो झोपला. उरलेल्या चार राज्यांचे घागरकरी आपापल्या गावी पाणी आणायला निघाले. विवरनाथाला चक्रवर्तीने राजधानीच्या वेशीवर पाणपोईला बसवले. विहीर कोसभर लांब, आणि पाणी त्याने खांद्यावरून आणायचे. तो आणतो, कुरकुरत आणतो.

बहीणभाऊ घरी पोचले तेव्हा तळ्याच्या अगदी वरच्या, एकशे आठव्या पायरीवर पाणी डुलत होते आणि राजमुद्रा काठावर आपोआप येऊन पडली होती. येसूच्या नातीला त्याच पाण्याने न्हाऊ घातले. खंड्याला मासा मिळाला, आणखी एक मिळाला, तरी तो तिसरा मागतच होता.

पुढच्या पाडव्याला माणकोजी घागर उचलू लागला तेव्हा राणीने विचारले, खांदा दुखतो का?

"दुखतो, आक्का," तो म्हणाला, आणि घागर घेऊन वाटेला लागला.

अशी भरल्या घागरीची कथा सांगून झाली. ऐकणाऱ्यांच्या तळ्याला पाणी राहो आणि कंठाला शब्द राहोत.