दोन कुलपांची कोठी

डोंगरवाडीच्या शाळेत ऑडिटवाले साहेब आले. वह्या तपासल्या, तर आलेल्या आणि शिजलेल्या तांदळाचा मेळच बसेना. तीन पोती गायब!

शाळा समितीचे अध्यक्ष विश्वंभरराव लगेच म्हणाले, "ह्या कौसाबाईनंच नेली. काढून टाका हिला."

कौसाबाई अकरा वर्षं पोरांची खिचडी शिजवत होती. नवरा गेल्यापासून तिचं घर त्याच मानधनावर चाललेलं. पण बाई रडली नाही. तिनं तांदळाच्या कोठीकडे बोट दाखवलं.

"साहेब, कोठीला दोन कुलपं कशाला हो?"

"नियम आहे, बाई. एक किल्ली मुख्याध्यापकांकडे, दुसरी अध्यक्षांकडे. एकट्याला कोठी उघडता येऊ नये."

"मग आत्ता उघडा. पोती कशी गेली ते दाखवते."

"बघा, कबूल झाली!" म्हणत विश्वंभरराव तरातरा पुढे गेले. खिशातून जुडगा काढला, दोन्ही कुलपं उघडली आणि दार ढकललं.

मुख्याध्यापकांनी मान खाली घातली. कौसाबाई जागची हलली नव्हती.

"दाखवलं, साहेब," ती शांतपणे म्हणाली. "मला रोजचा तांदूळ दारातच मोजून मिळतो."

साहेबांनी जुडग्यासाठी विश्वंभररावांपुढे हात केला.

त्या दुपारी खिचडी कौसाबाईनंच वाढली.